शिबिरात लघवी का तपासत नाहीत?

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन यडकिन. दोघेही अंगाने बेताचे आणि दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. कागदोपत्री दोघेही ठणठणीत. चरबी मोजली तेव्हा मात्र यडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

‘एवढा किरकोळ माणूस, त्याला कसली शुगर?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा फोटो दाखवायला हवा. हातपाय काडीसारखे आणि शर्टाची बटणं पोटावर ताणलेली, ही आपल्याकडची नेहमीची देहयष्टी. कमरेचा वाढलेला घेर, चढं बीपी, उपाशीपोटी १०० च्या वर साखर, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स आणि कमी झालेलं चांगलं कोलेस्टेरॉल या पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणं एकत्र आली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. पँटच्या नंबरावर विसंबू नये; पँट पोटाखाली केव्हाच घसरलेली असते.

या सगळ्याचा हृदयाशी संबंध आहे हे एव्हाना लोकांना पाठ झालं आहे. मूत्रपिंडाचं नाव मात्र निघतं ते थेट डायलिसिसच्या वेळी.

एकेका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा रक्ताला परत देतात. पोटात चरबी साठली, इन्सुलिन नीट लागू पडेनासं झालं, शरीरात मीठ साचून बीपी चढलं की या गाळण्यांच्या आतला दाब वाढतो. सुरुवातीला मूत्रपिंड गरजेपेक्षा जास्तच काम करतं आणि गोम नेमकी इथेच आहे. रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल येतं, रिपोर्टवर कुठेही लाल अक्षर नसतं, माणूस निर्धास्त होतो. दरम्यान काही गाळण्या निकामी होतात, त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो आणि त्याही झिजू लागतात. नव्या काही तयार होत नाहीत. क्रिएटिनिन ठळकपणे वाढतं तोवर अनेकदा निम्मी क्षमता गेलेली असते.

जन्मतः कमी वजनाच्या मुलांकडे तर या गाळण्या मुळातच कमी असतात. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं होतं. बाळं लहानखुरी, पण चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे भांडवल कमी आणि खर्च जास्त, असा हिशेब जन्मापासूनच मांडला जातो.

‘मला शुगर नाही’ हाही दिलासा पुरेसा नाही. अमेरिकेत मधुमेह नसलेल्या दहा हजारांहून अधिक प्रौढांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांमध्ये दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराची शक्यता सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त निघाली आणि लक्षणांची संख्या वाढेल तशी ती चढत गेली. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, साडेतेरा कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि जवळजवळ ४० टक्के प्रौढांचं पोट सुटलेलं आहे.

आता आपली आरोग्य शिबिरं पाहा. मंडळाचा मांडव, नगरसेवकाचा फ्लेक्स, बोटाला सुई टोचून साखर, दंडाला पट्टा बांधून बीपी, वजनकाटा, झालंच तर मोफत चष्मे. लघवीसाठी डबी बहुतेक ठिकाणी नसतेच. मूत्रपिंड कुरकुरू लागलं की पहिली खूण लघवीतच उमटते: अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागतं. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्ब्युमिन दिसलं आणि तीन महिन्यांनीही ते कायम राहिलं, तर तो विकाराचा पुरावा. तपासणीला एकदाच दिलेली लघवी पुरते, सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

वेळेत कळलं तर हातात पुष्कळ काही आहे. बीपी आटोक्यात ठेवणं, मीठ आणि वजन कमी करणं, गुडघेदुखीवर मनाने गोळ्या खाणं थांबवणं हे तर झालंच. डापाग्लिफ्लोझिनसारखी मूळची मधुमेहाची गोळी मधुमेह नसलेल्यांतही मूत्रपिंडाची घसरण मंदावते, हे २०२० च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं आणि स्वस्त पर्याय बाजारात आले.

सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, तो आवश्यकच होता. पण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास यंत्राला जोडलेल्या माणसाची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. त्या टप्प्यावर पैसा ओतणाऱ्या यंत्रणेने पहिल्या टप्प्यावरच्या तपासणीत हात आखडता घेणं हा उफराटा कारभार आहे. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी, पालिकांनी आणि कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी करणाऱ्या कंपन्यांनी यादीत लघवीतल्या अल्ब्युमिनची भर घालावी. आणि ज्यांचं बीपी, साखर किंवा कमरेचा घेर मर्यादेबाहेर आहे, त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर स्वतःहून विचारावं: ‘माझी लघवीतली अल्ब्युमिनची तपासणी कधी करायची?’