जॅक ट्राईस : अर्ध्या नावावर थांबायचे नसते

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने ते आपल्या शाळांच्या वाचनालयांत पोहोचवले. गुलामीत जन्मलेला हा माणूस १८९१ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्स गावच्या शेतकी कॉलेजात दाखल झाला. तो तिथला पहिला काळा विद्यार्थी. पुढे तिथेच शिकवू लागला आणि १८९६ मध्ये दक्षिणेत टस्कीगीला जाऊन त्याने काळ्या शेतकऱ्यांसाठी आयुष्य वेचले.

त्याच कॉलेजातून, त्याच वाटेने निघालेला आणखी एक काळा तरुण होता. पशुसंवर्धन शिकायचे आणि दक्षिणेत जाऊन आपल्या लोकांच्या शेतीसाठी ते ज्ञान वापरायचे, हे त्याचेही स्वप्न होते. तो पोहोचला नाही. ८ ऑक्टोबर १९२३ रोजी, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी, फुटबॉलच्या मैदानावर झालेल्या दुखापतींनी त्याचा जीव गेला. त्याचे नाव जॅक ट्राईस.

कार्व्हरची गोष्ट मुलांना सांगायला सोपी आहे. गरीब होता, शिकला, मोठा झाला. सवर्ण समाजालाही ती आवडते, कारण ती कोणाकडे बोट दाखवत नाही. ट्राईसची गोष्ट सांगताना मात्र प्रश्न विचारावे लागतात. म्हणूनच आंबेडकरी तरुणांनी ती वाचली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

जॅकचा जन्म १९०२ साली ओहायो राज्यातल्या हायरम या छोट्या गावात झाला. आजी-आजोबा गुलामगिरीतून सुटलेले. वडील सैन्याच्या काळ्या पलटणीत होते. ते जॅकच्या लहानपणीच गेले. आईने एकुलत्या एका मुलाला शिक्षणासाठी क्लीव्हलँडला नातेवाइकांकडे पाठवले. तिथल्या शाळेत तो फुटबॉलमध्ये चमकला. शाळेचे प्रशिक्षक १९२२ मध्ये एम्सच्या कॉलेजात रुजू झाले, तेव्हा काही खेळाडूंना सोबत घेऊन गेले. जॅक त्यांतला एक. त्या कॉलेजातला तो पहिला काळा खेळाडू ठरला. फीचे पैसे जमवायला तो काम करत असे. १९२३ च्या उन्हाळ्यात त्याचे लग्न झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात समोरच्याला अंगाने अडवायचे, पाडायचे असते. त्या काळात डोक्यावर फार तर चामड्याचे टोप असत. अशा खेळात अपघात कुठे संपतो आणि हल्ला कुठे सुरू होतो, हे ठरवणे अवघड असते. द्वेषाला लपायला अशी जागा फार सोयीची.

६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनियापोलिस शहरात मिनेसोटा विद्यापीठाविरुद्ध सामना होता. मोठ्या संघाविरुद्धची जॅकची ही पहिलीच परीक्षा. सामन्याच्या सुरुवातीलाच त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. विचारले तेव्हा ठीक आहे म्हणाला आणि खेळत राहिला. उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्यांना अडवताना तो पाठीवर पडला आणि समोरचे तीन खेळाडू त्याला तुडवत गेले. तिथल्या इस्पितळाने प्रवासाला हरकत नाही असे सांगितले. मोडलेल्या अंगाने, गवताच्या गादीवर झोपवून, त्याला रेल्वेने एम्सला आणले. दोन दिवसांनी शरीरातल्या रक्तस्रावाने तो गेला. कॉलेजच्या मैदानावरच्या शोकसभेला सुमारे ४,००० लोक जमले होते. वर्गणीही निघाली.

अंत्यविधीच्या आधी त्याच्या कोटाच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर त्याने स्वतःलाच लिहिलेली. आपल्या वंशाची, घरच्यांची आणि स्वतःची प्रतिष्ठा उद्या पणाला लागली आहे, सगळे आपल्याकडून मोठ्या कामगिरीची वाट पाहत आहेत, आणि आपण ती करून दाखवणार, असा तिचा आशय. मैदानावर अंग झोकून द्यायचे, वाट्याला येईल त्याहून जास्त करायचे, असे त्याने स्वतःला बजावले होते. त्या शोकसभेत ही चिठ्ठी वाचून दाखवली गेली. पुढच्या शंभर वर्षांत ती कितीतरी वेळा प्रेरणादायी म्हणून सांगितली गेली आहे.

आमचा पहिला आक्षेप इथेच आहे. ही चिठ्ठी प्रेरणादायी नाही. ती व्यवस्थेवरचे आरोपपत्र आहे.

त्या संघातल्या एकाही गोऱ्या मुलाला आदल्या रात्री असे काही लिहावे लागले नसेल. गोरा खेळाडू चुकला तर तो एकटा चुकतो. काळा चुकला तर अख्खा वंश चुकतो. २१ वर्षांच्या मुलाने मोडलेल्या हाडानिशी ‘ठीक आहे’ का म्हणावे? कारण बाहेर गेलो तर ‘ही माणसे कच्चीच’ हे वाक्य तयारच आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याला कोणी मुद्दाम तुडवले की नाही, यावर आजही वाद आहे. पाहणाऱ्यांनी परस्परविरोधी सांगितले आहे. पण तो ज्या ओझ्याखाली मैदानात उतरला, त्या ओझ्याबद्दल वाद घालायला जागा नाही. ते वर्णव्यवस्थेने दिलेले होते.

आणि ‘खेळात असे होतेच’ म्हणणाऱ्यांसाठी दुसरे उदाहरण त्याच आयोवा राज्यातले आहे. १९५१ साली तिथल्या ड्रेक विद्यापीठाचा काळा खेळाडू जॉनी ब्राइट ओक्लाहोमात खेळायला गेला. चेंडू हातात नसताना, खेळापासून दूर उभा असताना, त्याच्या तोंडावर प्रहार करून जबडा मोडला गेला. फरक एवढाच की तिथे वृत्तपत्राचे छायाचित्रकार होते. त्या छायाचित्रांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. तरीही त्या विद्यापीठाने माफी मागितली ती थेट २००५ मध्ये. पुरावा समोर असतानाही अर्धे शतक उलटून जाते. जिथे कॅमेरा नव्हता तिथे काय होणार?

हे ओझे आपल्याला अनोळखी नाही. त्याच १९२३ साली मुंबईच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद पळवणकर विठ्ठल यांना मिळाले. त्यांचे थोरले बंधू पळवणकर बाळू हे त्या काळातले अव्वल फिरकी गोलंदाज. त्यांच्या बळींवर संघाने सामने जिंकले, पण पुण्यात त्यांना चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हेही आपण जाणतो. राजकीय मतभेद मतभेदांच्या जागी. मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्याने लहान होत नाही.

आणि हा जुना इतिहास आहे असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारताचा महिला हॉकी संघ हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या गावात वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाली. संघात दलित मुली असल्यामुळे हरलो, असे म्हटले गेले. त्याच वंदनाने त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. तेव्हा ती देशाची मुलगी होती. हरल्यावर जातीची झाली.

आता दुसरा मुद्दा, आठवणीचा. शोकसभेला ४,००० लोक जमले खरे, पण पुढे काय झाले? जिमखान्याच्या भिंतीवर एक पितळी पाटी लागली आणि तिच्यावर धूळ साचत गेली. १९५७ मध्ये एका विद्यार्थ्याच्या नजरेला ती पडली आणि त्याने लेख लिहिला. १९७३ मध्ये पहिल्या वर्षाच्या एका इंग्रजीच्या वर्गाने हा विषय अभ्यासाला घेतला. कॉलेजचे तोवर विद्यापीठ झाले होते आणि नवे स्टेडियम उभे राहत होते. त्याला जॅक ट्राईसचे नाव द्या, अशी मागणी पुढे आली. विद्यार्थी संसदेने ठराव केला. प्रशासन हलले नाही.

दहा-अकरा वर्षांच्या रेट्यानंतर १९८४ मध्ये तोडगा निघाला. स्टेडियमचे नाव ‘सायक्लोन स्टेडियम’, म्हणजे संघाचे टोपणनाव. आतल्या गवताच्या पट्ट्याला ‘जॅक ट्राईस फील्ड’.

हा तोडगा वाचून मराठी माणसाला काय आठवते, हे वेगळे सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे यांना मारले गेले. लाँग मार्च निघाला. गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतले. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी जे मिळाले ते नामांतर नव्हते, नामविस्तार होता. जुने नाव तसेच ठेवून पुढे बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. दोन्ही लढे सारखे होते असे आम्ही म्हणणार नाही. एम्समध्ये नावासाठी कोणाचे घर जळाले नाही, कोणाचा जीव गेला नाही. आपल्याकडे रक्त सांडले. पण सत्तेची खोड दोन्हीकडे सारखीच दिसते. नाकारणे अशक्य झाले की ती अर्धे देते, आणि त्या अर्ध्यासाठी आपण आभार मानावेत अशी अपेक्षा ठेवते.

एम्सच्या विद्यार्थ्यांनी आभार मानले नाहीत. त्यांनी स्वतः पैसे उभे करून ट्राईसचा पुतळा उभारला. जुनी तुकडी पदवी घेऊन गेली की नवी तुकडी मागणी उचलत राहिली. पहिल्या वर्षाच्या मुलांनी मांडलेली मागणी त्यांच्या पुढच्या पिढीने पूर्ण करून घेतली. १९९७ मध्ये संपूर्ण स्टेडियमला ‘जॅक ट्राईस स्टेडियम’ हे नाव मिळाले. मृत्यूला तेव्हा ७४ वर्षे झाली होती. २०२३ मध्ये विद्यापीठाने त्याला मरणोत्तर पदवीही दिली.

विद्यार्थी चळवळीत काम करणाऱ्यांनी यातून एक धडा घ्यावा. कॉलेजात आपण तीन-चार वर्षे असतो आणि प्रशासन कायमचे असते. ते आपल्या निकालाची वाट पाहते, कारण नेतृत्व पदवी घेऊन बाहेर पडले की मागणी विरते. म्हणून प्रत्येक मागणीची फाइल हवी. कधी निवेदन दिले, काय उत्तर आले, कोणी आश्वासन दिले, हे सगळे लिहून पुढच्या तुकडीच्या हाती सोपवले पाहिजे. त्या विद्यार्थ्यांचे बळ संख्येत नव्हते, या सातत्यात होते.

पण नाव लागले म्हणजे काम झाले का? नाही. संस्थांना मेलेला नायक फार सोयीचा असतो. तो वसतिगृह मागत नाही, थकलेली शिष्यवृत्ती मागत नाही, प्रश्न विचारत नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या कुलगुरूंच्या कार्यालयाबाहेर आपली मुले फेलोशिपसाठी उपोषणाला बसतात. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. तो जिवंत असताना त्याची फेलोशिप अडकली होती आणि त्याला वसतिगृहाबाहेर काढले होते. स्मारक म्हणजे फक्त पाटी नव्हे. पुढचा जॅक, पुढचा रोहित जिवंत राहील अशी व्यवस्था, हे खरे स्मारक.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वस्तीतला मुलगा किंवा मुलगी कबड्डीत, कुस्तीत, धावण्यात पुढे जात असेल, तर ‘समाजाचे नाव काढ’ एवढेच सांगून त्याच्या खांद्यावर हात ठेवू नका. तो हात जड असतो. दुखापत झाली तर थांब, हरलास तरी तू आमचाच, हेही सांगा. कॉलेजच्या संघात आपली मुले असतील तर दुखापतीचा खर्च कोण करणार, विमा आहे का, हे प्राचार्यांना लेखी विचारा. आणि आपल्या खेळाडूंची नोंद ठेवा. पळवणकर विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिले, म्हणून त्यांच्या घरची बाजू आपल्यापर्यंत आली. ज्यांनी लिहिले नाही, ज्यांना लिहायला वेळच मिळाला नाही, त्यांचे आपण लिहायचे.

जॅकच्या मृत्यूनंतर त्याच्या आईने कॉलेजच्या अध्यक्षांना पत्र पाठवले होते. मुलाला मिळालेल्या सन्मानाबद्दल तिने आभार मानले आणि लिहिले की तो एकटाच माझा होता, आता मी म्हातारी आहे आणि एकटी आहे. जॅकला अभिवादन करताना त्या माउलीचे हे शब्द आपण विसरता कामा नये. कोणताही सन्मान तिला मुलगा परत देणार नव्हता. आपल्या चळवळीने सन्मानांची यादी वाढवावीच, पण त्याआधी अशा आयांची संख्या कमी करावी.

जय भीम!