चष्मा काढायचा की ठेवायचा?

मंडळी, या वेळचा विषय माझ्या नाकावरच बसलेला आहे.

गेल्या महिन्यात आतेबहिणीचा मेसेज आला, "दादा, तू लेझर करून घेतोयस असं आई म्हणाली. तू केलंस की मीपण करते." ती २२ वर्षांची, मी ३६. तिचा नंबर उणे ३.२५, माझा उणे ६.५. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालीये आणि बायोडेटात चष्म्याचा उल्लेख नको म्हणून घरच्यांची घाई चाललीये. म्हणजे आता माझ्या एका निर्णयावर चार डोळे अवलंबून. मग नीट माहिती काढणं आलंच.

मला का करायचंय, ते आधी सांगतो. चौथीपासून चष्मा आहे. पावसाळ्यात गच्चीबावलीच्या ऑफिसातल्या एसीतून बाहेर पडलं की काचांवर वाफ धरते. सकाळी चष्मा शोधायचा असतो आणि तो शोधायलाच चष्मा लागतो. आईचं म्हणणं, "सगळं दिसतंय ना? मग डोळ्याला हात कशाला लावायचा?" तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे पुढे कळलं.

या शस्त्रक्रियेची मुळं आमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या घरातली आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या संशोधन केंद्रात एक्सायमर लेझरवर काम करत होते. १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणात उरलेली टर्की ते प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि तिच्यावर लेझर मारून पाहिला. १९३ नॅनोमीटरच्या त्या अतिनील किरणांनी मांस अगदी रेखीव कापलं गेलं आणि आजूबाजूचा भाग जळला नाही. पुढे स्टीव्हन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाबरोबर तेच तंत्र डोळ्यापर्यंत पोचलं.

बुबुळासमोर पारदर्शक, घुमटासारखा भाग असतो, तो कॉर्निया. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लॅसिकमध्ये त्याचा वरचा पातळ थर झाकणासारखा उचलतात, खालचा भाग लेझरने मोजून झिजवतात आणि झाकण परत बसवतात. काढलेला भाग पुन्हा येत नाही. म्हणून खरा प्रश्न किती काढणार आणि किती उरणार हा.

माझा ढोबळ हिशोब असा. कॉर्निया ५१० मायक्रॉन. झाकण ११० मायक्रॉनचं. साडेसहा मिलिमीटर रुंदीचा भाग झिजवायचा तर एका नंबरला साधारण १४ मायक्रॉन, म्हणजे साडेसहाला ९१. खाली उरले ३०९. निदान २५० तरी उरलेच पाहिजेत असं मानतात, त्यात मी पास. पण झाकण आणि झीज मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांच्या आत राहावं, अशी दुसरीही एक रेघ आहे. माझं उत्तर ३९.४. ऑफिसात डिस्क इतकी भरली की आम्ही अलार्म लावतो. कॉर्निया फार कमकुवत झाला तर तो पुढे फुगत जातो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. डॉक्टरांनीही झाकणवाला प्रकार माझ्यासाठी नको असं स्पष्ट सांगितलं. पीआरके होऊ शकेल. त्यात झाकण नसतं, फक्त वरची नाजूक त्वचा काढतात आणि ती पुन्हा वाढते. मात्र पहिले काही दिवस चांगलंच दुखतं आणि नजर सावकाश स्थिरावते. नाहीतर कॉर्निया न झिजवता डोळ्याच्या आत लेन्स बसवायची.

शिवाय माझे डोळे आधीच कोरडे. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, आणि लॅसिकमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या गेल्याने कोरडेपणा काही महिने तरी वाढतो. दिवसाला दहा तास कोड बघणाऱ्याने हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

वयाचंही आहे. चाळिशी लेझरने टळत नाही, कारण ती डोळ्याच्या आतल्या भिंगाची गोष्ट. बाबांचा नंबर उणे ३. पेपर वाचताना ते चष्मा सरळ कपाळावर सरकवतात. दूरचा नंबर शून्य केला की ही सोय गेली. पाच-सात वर्षांत मी वाचायच्या चष्म्यासाठी पुन्हा त्याच दुकानात असेन. २२व्या वर्षी करणाऱ्याला मधली जवळपास वीस वर्षं मिळतात, तेव्हा तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मान्य.

पण तिचा नंबर गेल्या वर्षभरात पाऊणने वाढलाय. वर्षभरात अर्ध्याहून जास्त हलणाऱ्या नंबरावर लेझर मारायचा नसतो. नाहीतर आज शून्य, आणि दोन वर्षांनी पुन्हा चष्मा. मुलगा आणि त्याच्या घरचे चार वर्षं थांबतील की नाही मला ठाऊक नाही, पण साखरपुड्याच्या तारखेवरून डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवणं मला पटत नाही. मुलाच्या बायोडेटातला चष्मा कोण बघतं?

तिला ठाऊकच नव्हती अशी एक गोष्ट म्हणजे लेझरने चष्मा जातो, पण लघुदृष्टीचा डोळा मुळात लांब झालेला असतो तो तसाच राहतो. त्यामुळे आतला पडदा ताणलेला, आणि तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका तसाच. नंबर शून्य झाला तरी बाहुली मोठी करून पडदा तपासून घेणं थांबवायचं नाही. अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आईच्या मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "आधी कधी लेझर केलंय का?" लेझरनंतर कॉर्नियाचा आकार बदलतो, त्यामुळे आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना नेहमीचं सूत्र चुकतं. डोळ्याचा दाबही खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून ज्यांनी केलंय किंवा करणार आहेत त्यांनी आधीचे नंबर आणि कॉर्नियाची मोजमापं जन्मदाखल्याबरोबर ठेवावीत. तीस-चाळीस वर्षांनी कागद लागेल तेव्हा ते हॉस्पिटल असेलच असं नाही.

सध्या माझा कल नाहीकडे आहे. बॅडमिंटनसाठी कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो, त्यांनी कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून त्या दोन आठवडे बंद ठेवून पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणी आहे. तोवर कोरडेपणाचे थेंब. बहिणीला हे सगळं लिहून पाठवलं. तिने विचारलं, "मग स्थळवाल्यांना काय सांगू?" म्हटलं, चष्मा लावलेला फोटो पाठव आणि वर्षाने नंबर पुन्हा तपासू.