एकदा जेवायला भेटू या!

जुन्या मित्राशी असलेली मैत्री कायमची संपवायची असेल, तर त्याच्याशी भांडण काढायची काही गरज नाही. भांडणाने मैत्री मोडत नाही. भांडलेले मित्र निदान तिसऱ्याच्या मयताला तरी भेटतात आणि तिथे त्यांचं हटकून जमतं. मैत्रीचा कायमचा निकाल लावायचा असेल तर मित्राला रात्री आठ वाजता चांगल्यापैकी हॉटेलात जेवायला न्यावं. चांगल्यापैकी म्हणजे जिथे टेबलावरच्या पाण्यालाही पैसे पडतात, असं.

हे मी वैतागून बोलत नाही, विचारान्ती बोलतो आहे. पूर्वी आपल्यात "ये की एकदा घरी" असं म्हणायची पद्धत होती. म्हणणाराही ते विसरायचा, ऐकणाराही विसरायचा. कुणाचं काही बिघडत नसे. आता त्या जागी "एकदा जेवायला भेटू या" आलं आहे, आणि दुर्दैवाने लोक ते पाळतात.

शाळेच्या हजेरीपटावर माझा नंबर अठरा आणि त्याचा सतरा. पाचवी ते दहावी आम्ही एका बाकावर काढली. माझ्या डब्यातली अर्धी पोळीभाजी त्याच्या पोटात गेली आणि त्याच्या वहीतली सगळी गणितं माझ्या वहीत आली, तेव्हा तो हिशेब चुकता आहे. १९८१ साली दोघंही दहावी झालो. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारीला, मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सतरा नंबरचे वडील साच्यावर होते. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. सतरा नंबरचं कॉलेज मात्र रीतसर सुटलं. चाळीतली खोली गेली, पत्ता गेला. गेल्या वर्षी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, रोजच्या शेदीडशे सुप्रभातांच्या ढिगाऱ्याखाली, तो मला सापडला.

"चहाला भेटू," मी म्हणालो.

"छे रे! चाळीस वर्षांनी भेटायचं आणि नुसत्या चहावर बोळवण?"

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. चहा म्हणजे बोळवण, आणि जेवण म्हणजे भेट, हे कुणी ठरवलं? 'लोक काय म्हणतील' हा आपला राष्ट्रीय ग्रंथ. त्याच्या नव्या आवृत्तीत हे कलम घातलेलं दिसतं.

हॉटेलात शिरलो तर आत काळोख. मला वाटलं वीज गेली असेल, पण तो मुद्दाम केलेला होता. ज्याचा चेहरा बघायला चाळीस वर्षं थांबायचं, त्याला काळोखात बसवायचं, ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली त्याला मित्र नसावेत. मेनूकार्डाऐवजी टेबलावर एक काळापांढरा चौकोन चिकटवलेला. त्याचा फोटो काढला की मोबाइलमध्ये पदार्थ उमटतात म्हणे. साठीची दोन माणसं मोबाइल हातभर लांब धरून, आरतीचं तबक ओवाळावं तशी, त्या चौकोनाला ओवाळत बसलो.

सतरा नंबर सांगत होता. संपाचं पहिलं वर्ष कसं गेलं, आईच्या पाटल्या केव्हा गेल्या, वाण्याने उधारी केव्हा बंद केली. "आणि मग एक दिवस बाबा मला जवळ बसवून म्हणाले—"

"सर, स्टार्टर्स रिपीट करू?"

वेटरचा दोष नाही. त्याला तसं शिकवलेलं असतं. पण बाबा काय म्हणाले ते मला आजतागायत कळलेलं नाही. वेटर गेल्यावर "हं, तर काय म्हणाले बाबा?" असं विचारता येत नाही. ती काय कीर्तनातली कथा आहे, बुक्का लावून झाला की पुढे सुरू करायला?

आणि मुख्य जेवण मागवायची वेळ आली तेव्हा मी पाहिलं, सतरा नंबर ती यादी उजव्या बाजूने वाचत होता. पदार्थाचं नाव डावीकडे असतं, किंमत उजवीकडे. माणसाच्या आयुष्यात काय काय झालं हे तो तोंडाने सांगेलच असं नाही, पण मेनू कुठल्या बाजूने वाचतो त्यावरून ते समजतं. तो म्हणाला, "मला फक्त टोमॅटो सूप सांग. रात्रीचं फारसं चालत नाही रे."

माझा अर्धा डबा सहा वर्षं खाणारा माणूस! त्यानंतर माझ्या घशाखाली पनीर कसं उतरणार? बिल आल्यावर आपली प्रसिद्ध कुस्ती झाली. "मी देतो", "तू कसा देतोस?", "पुढच्या वेळी तू दे". ही कुस्ती दोघांची कमाई सारखी असली तरच गमतीची असते. एरवी जिंकणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटतं आणि हरणाऱ्याला घेतल्यासारखं. सतरा नंबरने मोबाइलवर हिशेब करून आपला निम्मा वाटा टेबलावर मोजून ठेवला. सूपवाल्याने निम्मा! त्यात पाच टक्के जीएसटी, तो सरकारचा. त्याबद्दल तक्रार नाही. वर दहा टक्के सेवाशुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैतच सांगितलं होतं की हे शुल्क आपोआप बिलात घालता येत नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ग्राहकाचीच बाजू घेतली. पण मित्रासमोर "ही सेवा वजा करा" म्हणायला जी छाती लागते, ती मध्यमवर्गात जन्मत:च बसवलेली नसते, हे हॉटेलवाल्यांना कुठल्याही न्यायालयापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल, मग पूर्वी लोक हॉटेलात भेटत नव्हते का? भेटत होते. पण ते इराण्याकडे. आणि इराण्याचं हॉटेल ही जेवायची जागा नव्हती, बसायची होती. कोपऱ्यावरची जागा, दोन्ही रस्त्यांचा उजेड आत, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. एक चहा आणि एक ब्रून-मस्का यांच्या भाड्यात दोन माणसं दीड तास बसत. इराणी प्रेमळ होता असं माझं म्हणणं नाही. केस विंचरू नका, मोठ्याने बोलू नका, अशा सूचनांची पाटीच तो लावून ठेवी. धोबीतलावच्या बास्तानीतल्या तसल्या पाटीवरून निसीम इझिकेल यांनी कविताही केली. पण "आणखी काही?" असं विचारायला तो टेबलापाशी येत नसे. गरीब आणि श्रीमंत यांच्या पुढ्यात एकाच जाडीचा कप येत असे, आणि चहा उजव्या बाजूने वाचावा लागत नसे. बास्तानी बंद होऊन बरीच वर्षं झाली. १९०४ सालचं कयानी आहे, पुण्यात १९३५ चं गुडलक आहे. पण तिथेही आता रविवारी पुढची गिऱ्हाइकं आपल्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी असतात. पाठीशी रांग असताना जुन्या आठवणी निघत नाहीत, पाकीट निघतं.

मग घरी बोलवावं का? इथे मात्र आमच्या घरातूनच विरोधी पक्ष उभा राहिला. "घरी म्हणजे तुम्ही दोघं बाहेर बाकावरच्या गमती आठवणार आणि मी आत पुऱ्या तळणार. तुमच्या मैत्रीच्या जिवावर आजवर किती कणीक मळली आहे, हिशेब आहे?" ही म्हणते, बाईमाणसाला हॉटेल हीच एक जागा, जिथे ती बसलेली असताना तिच्याकडे कुणी पाणी मागत नाही. हा मुद्दा बिनतोड आहे. तेव्हा हॉटेलबंदीची माझी मागणी मी तूर्त पुरुषांपुरतीच ठेवतो. पुरुषांनी चहालाच भेटावं, तोही स्वत: करावा, दूध उतू गेलं तर ओटाही स्वत: पुसावा.

येत्या शनिवारी हिच्या शाळेतल्या अकरा मैत्रिणी जेवायला भेटताहेत. हॉटेल काळोखी आहे आणि तिथेही तो चौकोन आहे, असं कळतं. ही त्याला ओवाळायचा सराव आतापासून करते आहे. माझी भाजी फ्रिजमध्ये असेल आणि पोळ्या डब्यात. भात मात्र माझा मी लावायचा आहे.