घड्याळ घरी ठेवून

हल्ली रविवारी पहाटे आमच्या पुण्यात कुठली ना कुठली धावण्याची शर्यत असतेच. मोठ्यांच्या पाठोपाठ लहान मुलांचे गट सुटतात आणि कडेला आईबाप मोबाइल उंचावून उभे असतात. परवा अशाच एका शर्यतीला आठ वर्षांच्या नातीला घेऊन गेलो होतो. सहा-सात वर्षांचा एक मुलगा रडत धावत होता आणि त्याचे वडील शेजारून पळत ‘थांबू नकोस’ म्हणत होते. मला बुधिया सिंग आठवला.

२ मे २००६. भुवनेश्वरच्या झोपडपट्टीतला हा चार वर्षांचा पोरगा पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर धावला, सात तास दोन मिनिटांत. ओडिशातला मे महिना! संकल्प ७० किलोमीटरचा होता. तो पुरा होण्याआधीच पोर कोसळले. आमच्या शाखेत चहाच्या वेळी तोच विषय, आणि खरे सांगायचे तर कौतुक करणाऱ्यांत मीही होतो. त्याचे ज्यूदो प्रशिक्षक बिरंची दास यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण त्याला जेवू घालणारेही तेच होते. सरकारने त्याच्या लांब धावण्यावर बंदी घातली, पुढे तो क्रीडा वसतिगृहात गेला. २००८ मध्ये दासांचा खून झाला, २०१६ मध्ये बुधियावर चित्रपट आला. ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये मात्र तो कधी दिसला नाही.

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते, ती हाडापेक्षा कच्ची. रोज तेच तेच आदळणे तिला सोसत नाही. मुलांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट अशी, की ज्याच्यावर जीव आहे तो माणूस ‘धाव’ म्हणाला, तर मूल दुखत असले तरी धावते. अठरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धा २०१७ पर्यंत होत. त्यांतही धावण्याची सर्वांत लांब शर्यत ३००० मीटरचीच असे. केनियाचा एलियूड किपचोगे पहिली मॅरेथॉन धावला तो २०१३ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याआधी दहा वर्षे, २००३ मध्ये, तो ५००० मीटरचा जगज्जेता झाला होता!

हे शहाणपण मला उशिरा आले. १९९७ मध्ये माझा मुलगा दहा वर्षांचा होता. शाळेच्या शर्यतीत तो पहिला आला आणि मी बाजारातून स्टॉपवॉच आणले. रोज पहाटे साडेपाचला तळजाईची टेकडी. वहीत तारखा, अंतर, वेळ; लेजरसारखे रकाने आखलेले. कालच्यापेक्षा अर्धा मिनिट जास्त लागला, की नाश्त्याला मी गप्प. गुडघा दुखतो म्हणाला, तेव्हा मला तो बहाणा वाटला. बँकेत मुदतीआधी ठेव मोडायला आलेल्यांना मी व्याजाचे नुकसान समजावून सांगत असे, आणि घरी हे! तेराव्या वर्षी त्याने बूट माळ्यावर टाकले. त्यानंतर तो बस पकडायलाही धावला नाही, असे त्याची आई म्हणते. ती हे हसून म्हणते. मला हसू येत नाही.

आता नातीला धावायचे आहे. मुलाने एवढेच सांगितले, ‘‘बाबा, न्या तिला. पण घड्याळ घरी ठेवा.’’

तेव्हा आम्ही आठवड्यातून दोनदा जातो. शिवाशिवी खेळतो, म्हणजे ती पळते आणि मी बाद होतो. दम लागला की चालतो. बाकीचे दिवस तिची लंगडी, सायकल, कधी नुसते लोळणे. तिला शर्यतीत उतरायचे असेल तर जवळची, मातीवरची. आणि मध्येच सोडून आली तर घरी येताना भेळ ठरलेली. गेल्या आठवड्यात तिने टेकडीवर मोर पाहिला आणि धावणे तिथेच संपले. अर्धा तास आम्ही दगडावर बसून होतो. खाली उतरताना तिने विचारले, ‘‘आजोबा, आज किती झाले?’’

मी म्हणालो, ‘‘एक मोर.’’