सेवेचा सातबारा

दहावीचा निकाल लागला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीत घराघरांत एकच खटला उभा राहतो: पोराने बायो घ्यायचं की मॅथ्स? निवाडा बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. फिर्यादीचं म्हणणं असं. डॉक्टर जीव वाचवतो, इंजिनियर नुसती नोकरी करतो. डॉक्टरला कधी मंदी नाही, इंजिनियर गल्लोगल्ली पडलेत. आणि आपल्या जंगलपट्टीला डॉक्टरच हवेत. ‘पोट्टं डॉक्टर झालं तं गावाचं नाव होते,’ असं एखादे मामा म्हणाले की विषय संपला. मग वहीच्या मागच्या पानावर गणितं सोडवत बसणाऱ्या पोरीनेही नीटची पुस्तकं आणायची.

डॉक्टर जीव वाचवतो, हे कोण खोडणार? आक्षेप आहे तो सेवेचा सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर करण्याला. कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे लस ठेवायचा, वरून झाकण उघडणारा फ्रिज असतो. सगळे त्याला आयएलआर म्हणतात. शेजारी स्टॅबिलायझर, आत थर्मामीटर आणि एक तक्ता. दिवसातून दोनदा तापमान पाहून त्यावर लिहायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ते 2 ते 8 अंशांमध्येच राहिलं पाहिजे. जास्त झालं तर लस निकामी होते, आणि काही लशी गोठल्या तरी वाया जातात. लाईट गेली तरी आत काही तास थंडावा टिकावा म्हणून त्याच्या भिंतीला बर्फाचं अस्तर दिलेलं असतं. आता पावसाळ्यात जंगलातून जाणाऱ्या 11 केव्हीच्या लाईनवर सागाची फांदी पडते, फीडर ट्रिप होतो. वाघाच्या मुलखात खांबामागून खांब चालत फॉल्ट शोधायला लाईनमन निघतो, आणि शटडाऊन घेऊन त्याच्या जिवाची जबाबदारी उचलतो तो कनिष्ठ अभियंता. दुसऱ्या दिवशी बाळाला टोचलेली लस काम करते, त्यात ते अस्तर आखणाऱ्याचा आणि ती तार जोडून घेणाऱ्याचा वाटा किती धरायचा? सत्काराच्या फोटोत मात्र दोघेही नसतात.

‘आमच्याकडे बंग आहेत, आमटे आहेत, म्हणून सेवा म्हणजे डॉक्टरकीच,’ असंही सांगितलं जातं. उदाहरण मोठं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत जे सिद्ध केलं ते नेमकं याच्या उलट जातं. बेताचं शिक्षण झालेल्या गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. म्हणजे पदवीशिवायही जीव वाचतात, पद्धत नीट आखलेली असली तर. आणि 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी करणारे विलासराव साळुंखे कोण होते? इंजिनियर.

उलट बाजूही बघा. इंजिनियर चुकला तर काय होतं, हे आपल्याला वर्तमानपत्रातून कळायची गरज नाही. सिरोंच्याजवळ गोदावरीवर तेलंगणाने मेडिगड्डा बॅरेज बांधलं. पाणी शिरलं ते आपल्या बाजूच्या शेतांत, आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच बॅरेजचे खांब खचले. आणि तो चुकला नाही तर? चंद्रपूरला 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. त्याच्या धुराड्यापाशी राख पकडणारी यंत्रणा नीट चालवणारा माणूस दम्याचे किती रुग्ण ओपीडीपर्यंत येऊच देत नाही, याची नोंद कोणत्याच केसपेपरवर होत नाही. पूर्व विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव गाळाने भरलेत, पाळी फुटल्यात. ते काम एमबीबीएसचं नव्हे.

आता मंदीचा मुद्दा. इंजिनियरिंगच्या जागा मधल्या काळात रिकाम्या राहिल्या, कॉलेजं बंद पडली, हे खरं. पण रिकाम्या जागांनी सिद्ध होतं ते एवढंच, की वाईट कॉलेजं फार निघाली होती. कोळसा खाणी, सिमेंट, बल्लारपूरचा कागद, वीज आणि आता वैनगंगेपलीकडे कोनसरीचं पोलाद एवढं सगळं भोवताली असताना मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलला कोण विचारतो म्हणणं म्हणजे घराबाहेर न पाहणं आहे. (या कारखान्यांत स्थानिक पोरांना किती घेतात, हे भांडण वेगळं, ते जरूर भांडावं.) दुसऱ्या बाजूला 2024 साली नीटला 23 लाखांहून अधिक मुलं बसली. त्या वर्षी देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या आसपास. डॉक्टरला मंदी नसेलही; डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला मात्र दारातच मंदी भेटते.

राहिला ‘आपल्या भागाला डॉक्टर हवेत’ हा युक्तिवाद. हवेत, आणि तातडीने हवेत. पण पोरगा डॉक्टर झाला म्हणजे गोंडपिपरीला डॉक्टर मिळाला, हे कोणी सांगितलं? साडेपाच वर्षं इंटर्नशिपसह, वर्षभर बॉण्डची सेवा, मग पीजीची तीन. तोवर माणूस तिशीच्या उंबरठ्यावर आणि नागपूरचा झालेला असतो. 2015 ला चंद्रपूरला आणि आता गडचिरोलीला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, याचा आनंदच आहे. पण ग्रामीण रुग्णालयातलं रिकामं पद भरायची जबाबदारी सरकारची आहे. ती पंधरा वर्षांच्या मुलाच्या विषयनिवडीवर ढकलू नका.

मग निवडायचं कशावर? माझं मत असं, की टोकाची माणसं बाजूला ठेवावीत. आपण नागपूरच्या नावाजलेल्या सर्जनची तुलना बेकार इंजिनियरशी करतो, नाहीतर अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरवाल्याची बॉण्डवरच्या डॉक्टरशी. त्यापेक्षा मधल्या माणसाचा साधा मंगळवार पाहावा. वैद्यकीय अधिकाऱ्याचा मंगळवार म्हणजे ताप, सिकलसेलने कळवळणारं लेकरू, रात्री सर्पदंश, शवविच्छेदन आणि चिडलेले नातेवाईक. कनिष्ठ अभियंत्याचा मंगळवार म्हणजे साईट, मोजमाप पुस्तक, ठेकेदार आणि बिघडलेलं एखादं यंत्र. यातलं काय तीस वर्षं करवेल? ज्याला दुसऱ्याच्या वेदनेजवळ थांबता येतं त्याने डॉक्टर व्हावं. ज्याला बिघाड का झाला हे कळेपर्यंत चैन पडत नाही त्याने इंजिनियर व्हावं, आणि घरच्यांची माफी न मागता व्हावं. मुलीने तर नक्कीच: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी 2024 पासून राज्य सरकार भरतं, त्यामुळे ‘एवढा खर्च करून शेवटी लग्नच’ ही सबबही आता उरलेली नाही.

‘पीसीएमबी घे, दोन्ही दारं उघडी राहतील’ हा सल्ला सोयीचा आहे, हुशार नाही. नीटच्या 720 पैकी 360 गुण बायोलॉजीचे. इंजिनियरिंगच्या सीईटीत निम्मे गुण गणिताचे. दोन्हीकडे निम्मं निम्मं शिकलेलं पोर दोन्हीकडे कटऑफखाली राहतं. नीटला कितीदाही बसता येतं, हे तर घराला लागलेलं व्यसनच. पहिला ड्रॉप समजू शकतो. तिसऱ्या ड्रॉपला पोरगा अभ्यास करत नसतो, बापाची इज्जत सांभाळत असतो. किती वर्षं द्यायची आणि नाही जमलं तर नर्सिंग, फार्मसी, बीएएमएस की बीएस्सी, हे पहिला फॉर्म भरण्याआधी घरात बोलून ठेवावं.

आणि अकरावीच्या प्रवेशाआधी पोराला घेऊन एक सकाळ ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीतल्या बाकावर बसावं. दुसऱ्या दिवशी जवळच्या एखाद्या पुलाच्या किंवा रस्त्याच्या कामावर जावं, इंजिनियरला गाठावं, चहा पाजून विचारावं की तुमचा दिवस कसा जातो. कोणी ओळखीचं नाही, आत कोण घेईल, ही अडचण सांगूच नका. सरकारी दवाखान्याच्या बाकाला ओळख लागत नाही, आणि साईटवरच्या माणसाला आपल्या कामाबद्दल विचारणारं सहसा कोणी भेटत नाही. तो तासभर बोलेल.