बक्षिसाच्या आशेने दिलेली उत्तरे

मोबाइलवर कंपन्यांच्या प्रश्नावल्या भरा, गुण साठवा आणि त्यांतून प्रवासाचे तिकीट मिळवा, अशा योजना निघाल्या आहेत. साबण कोणता, चहा कोणता, एवढेच तर सांगायचे! वेळेचा मोबदला घेण्यात गैर काहीच नाही. माझी हरकत आहे ती त्या उत्तरांना 'लोकांची पसंती' म्हणण्याला.

समजा, भंडारा जिल्ह्यात कोणता तांदूळ लोकांना आवडतो हे शोधायचे आहे. तिकिटासाठी उत्तरे कोण देईल? ज्याच्यापाशी मोबाइल, फुरसत आणि प्रवासाची हौस आहे तो. लाखांदूरकडे रोवणीत गुंतलेली बाई त्यात येणारच नाही. शिवाय गुणांच्या घाईत न वाचताच खुणा करणारेही असतात; म्हणून तर काही प्रश्नावल्यांत मध्येच 'येथे तिसराच पर्याय निवडा' असा सापळा लावलेला असतो.

उत्तरे लाखांनी जमली तर चूक निघून जाईल का? मुळीच नाही. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने २० लाखांहून अधिक मते टपालाने गोळा केली आणि लँडन निवडून येणार असे सांगितले. निवडून आले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून! पत्ते बरेचसे टेलिफोन व मोटारगाड्यांच्या याद्यांतले होते, आणि उत्तर पाठवणारे आपखुशीचे.

त्यापेक्षा सातही तालुक्यांतली थोडी गावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, घरेही तशीच. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी याच तत्त्वावर चालते. चिठ्ठीत निघालेल्या घराला कुलूप दिसले, तर सोयीचे शेजारघर न घेता संध्याकाळी पुन्हा तिथेच जावे लागते.