ध्येयवाक्याने एनपीए घटत नाही

व्यवस्थापनाचे सल्लागार छातीठोकपणे सांगतात: ध्येय नेमकं लिहा, नफा आपसूक येईल. पुरावा म्हणून यशस्वी कंपन्यांची यादी पुढे करतात. ही उलटी गंगा झाली. नफा झाला की ध्येय घोटून घोटून लिहायला पैसा आणि सवड दोन्ही मिळतात. बुडालेल्यांची ध्येयवाक्यं त्या यादीत शोधून सापडत नाहीत. दाभोळला वीजप्रकल्प घेऊन आलेली एन्रॉन आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही आपली मूल्यं म्हणून मिरवत होती. डिसेंबर 2001मध्ये तिचं दिवाळं वाजलं.

म्हणून ‘शब्द सोडा, आकडे बघा’ म्हणणाऱ्यांचं तरी कुठे खरं? पीएमसी या सहकारी बँकेचे आकडे गोंडसच होते. एचडीआयएल या बिल्डर समूहाचं कर्ज हजारो बनावट खात्यांआड दडवलं होतं. बँकेच्या एकूण कर्जाच्या ते सत्तर टक्क्यांहून जास्त निघालं. सप्टेंबर 2019मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. ताळेबंद वाचून ठेव ठेवणाराही त्याच रांगेत उभा होता.

माझं म्हणणं एवढंच की ध्येय ज्या कर्जाला ‘नाही’ म्हणायला लावतं, तेवढंच ते ताळेबंदात उतरतं. नागरी सहकारी बँकांचंच घ्या: डोंबिवली नागरी 1970ची, ठाणे जनता 1972ची, कल्याण जनता 1973ची. लहान माणसाला पत मिळावी, हा अशा बँकांचा मूळ हेतू. मार्च 2020मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या हेतूलाच आकडा चिकटवला: निदान निम्मं कर्ज लहान रकमांचं हवं, तेव्हाच्या मर्यादेनुसार साधारण 25 लाखांपर्यंतचं, बँकेचं भांडवल मोठं असेल तर फार तर 1 कोटीचं.

हे फुकट होत नाही. रिक्षा, पोळीभाजी केंद्र, एमआयडीसीतला छोटा गाळा अशा शंभर कर्जांना शंभर फायली, दोनशे जामीनदार आणि वसुलीच्या असंख्य खेपा. बरकतीच्या वर्षी एकाच बिल्डरला कोट्यवधी देणारी बँक जास्त लाभांश वाटते, हे कबूल करायलाच हवं. पण शंभरातले चार थकले तर तरतूद पुरते. तो एक थकला की बँकच बसते. ध्येयाचा फायदा मोजायचा तर तो अशा न झालेल्या तोट्यात, आणि तो एका वर्षाच्या नफ्यात दिसत नाही.

वार्षिक सभेत अहवाल हाती पडताच सभासद लाभांशाचं पान काढतात. वीस मोठ्या कर्जदारांकडे किती टक्के कर्ज गेलं, हा तक्ता मात्र मागे बारीक अक्षरात असतो. अध्यक्षांना प्रश्न विचारायचा तर त्यावरच विचारावा.